सार्वजनिक बाग दत्तक घ्यावी का? तीन वर्षांच्या श्रमदानानंतर पडलेला प्रश्न

बकुळफूल

आमच्या वसाहतीला लागून महापालिकेची सुमारे एक एकराची बाग आहे. तीन वर्षांपूर्वी तिला बाग म्हणावे अशी तिची अवस्था नव्हती. कंबरभर गाजर गवत माजले होते. घसरगुंडीचा पत्रा मधोमध फाटला होता आणि दोनपैकी एका झोक्याची साखळी तुटल्यामुळे कोणीतरी तो सुंभाने बांधून ठेवला होता. त्याच सुंभावर लहान मुले झोके घेत असत. संध्याकाळनंतर आत जायला पुरुषसुद्धा कचरत. आम्ही सात-आठ जणांनी एका रविवारी खराटे, घमेली आणि दोन खुरपी घेऊन सुरुवात केली. पहिल्या दिवशी फक्त फुटक्या बाटल्यांच्या काचा वेचण्यात तीन तास गेले, कारण त्या गवतात रुतलेल्या होत्या आणि एकेक काच हाताने उकरून काढावी लागत होती.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी साडेसहा ते साडेआठ आम्ही काम करतो. पावसाळ्यात माणसे वाढतात, मे महिन्यात कमी होतात, पण एकही रविवार पूर्ण रिकामा गेलेला नाही. आज बागेत चालण्याचा मार्ग मोकळा आहे, खेळणी दुरुस्त झाली आहेत (त्यासाठी अकरा अर्ज करावे लागले), आणि सायंकाळी ज्येष्ठ नागरिकांचा कट्टा पुन्हा भरू लागला आहे.

चुकाही झाल्या, आणि त्या येथे लिहिणे मला आवश्यक वाटते. पहिल्या वर्षी ५ जूनला आम्ही मोठ्या उत्साहाने पंचवीस रोपे लावली. पुढच्या मे महिन्यात त्यांतील सहा उरली होती. रोपे हातभर उंचीची होती, खड्डे वीतभर खोल होते, पाऊस लांबला, आणि पाणी कोणी घालायचे हे आम्ही ठरवलेलेच नव्हते. छायाचित्रात मात्र आम्ही पंचवीस रोपांसह उभे आहोत. ते छायाचित्र पाहिले की मला आजही वाईट वाटते.

बागेला नेमून दिलेले माळीमामा खरे तर तीन बागा सांभाळतात आणि आमच्याकडे मंगळवारी व शुक्रवारी येतात. त्यांच्या कुदळीचा दांडा उकलला होता, तो त्यांनी तारेने आवळून वापरात ठेवला होता. पाण्याच्या नळीला जागोजागी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या बांधलेल्या होत्या. सुरुवातीला आमचा समज असा होता की माळी कामच करत नाही. एका मंगळवारी मी मुद्दाम सकाळी जाऊन बसले. त्यांनी वाफ्यातील मूठभर माती उचलली, दाबली, तिचा गोळा झाला, तो बोटाने फोडून पाहिला आणि म्हणाले, “आज पाणी नको, उद्या बघू.” आम्ही रविवारी त्याच वाफ्यात बादल्यांनी पाणी ओतून आलो होतो. त्या दिवसापासून आम्ही त्यांना विचारल्याशिवाय काहीही करत नाही.

आता मूळ प्रश्न. आमचे काम पाहून संबंधित कार्यालयाने बाग दत्तक घेण्याचा प्रस्ताव तोंडी दिला आहे. पाच वर्षांचा करार, देखभालीचा सर्व खर्च आमचा, आणि त्या बदल्यात प्रवेशद्वारावर आमच्या संस्थेचा फलक. काही सभासदांना हा मोठा सन्मान वाटतो. मला मात्र धास्ती वाटते, आणि ती नेमकी कशाची हे मला अजून स्पष्ट मांडता येत नाही. ज्यांना अशा कामाचा अनुभव आहे, त्यांनी आपले मत सविस्तर लिहावे, ही विनंती.

करंज

बकुळफूल ताई, कराराबद्दल जाणकार लिहितीलच. मी रोपे, गवत आणि पाचोळा यांबद्दल लिहितो, कारण श्रमदानाचे बहुतेक तास त्यातच जातात आणि चुकीच्या वेळी केलेले काम दुप्पट होऊन परत येते.

गाजर गवत आपल्या देशात पहिल्यांदा ठळकपणे नोंदले गेले ते १९५५ च्या सुमारास, आपल्या पुण्यातच. एका झाडापासून हजारो बिया तयार होतात आणि उगवल्यापासून साधारण महिनाभरात ते फुलावर येते. त्यामुळे ते फुलण्याआधी, पाऊस पडून गेल्यावर माती मऊ असताना, मुळासकट उपटणे हाच खरा उपाय आहे. कोयत्याने कापले तर बुडातून पुन्हा फुटते. फुलल्यावर उपटले तर आपणच बी पसरवतो. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे यांविषयी आग्रह धरा. या गवताने अंगावर पुरळ उठते, आणि काहींना पुढे दम्याचा त्रास होतो. उपटलेल्या मोकळ्या जागेत टाकळ्याचे बी टाकून ठेवले तर टाकळा त्या गवताला बऱ्याच अंशी दाबतो. टाकळ्याची कोवळी पाने भाजीलाही येतात, हा वेगळा फायदा.

पाचोळ्याचे काम मात्र मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. बागेत पाने पेटवण्याची सवय इतकी जुनी आहे की ती चूक आहे हेच अनेकांना पटत नाही. उघड्यावर कचरा जाळण्याबद्दल ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये दंडाचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये दिला होता. पण दंडाचे भय दाखवण्यापेक्षा ढीग करून दाखवणे अधिक उपयोगी पडते. जाळीचे तीन-चार फूट व्यासाचे कडे उभे करावे, त्यात पाने भरून पायांनी तुडवावीत, प्रत्येक थरावर शेणकाला किंवा आंबट ताक शिंपडावे आणि ओलावा राहील एवढेच पाणी द्यावे. जांभूळ, करंज, शिरीष यांची पाने लवकर कुजतात, आंब्या-फणसाची जाड पाने वेळ घेतात. पाच-सहा महिन्यांत कडे निम्म्याहून खाली बसते आणि तळाशी काळी, भुसभुशीत, पावसाच्या वासाची माती मिळते. पुण्यात ‘ब्राऊन लीफ’ नावाचा उपक्रम आहे. ज्यांच्याकडे पाचोळा नकोसा झाला आहे ते आणि ज्यांना तो बागेसाठी हवा आहे ते, अशा दोघांची गाठ तेथे घालून दिली जाते. तुमच्याही शहरात असे करता येईल, त्यासाठी एक व्हॉट्सॲप गट पुरेसा आहे.

रोपांबाबत: दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल खड्डा उन्हाळ्यातच काढून तापू द्यावा. रोप निदान पाच-सहा फुटांचे असावे, आणि जेवढ्या रोपांना पुढचे तीन उन्हाळे पाणी घालता येईल तेवढीच लावावीत. तुम्हाला सहाच जमत असतील तर सहाच लावा. बुंध्याभोवती पाचोळ्याचे जाड आच्छादन द्यावे, पण ते खोडाला चिकटू देऊ नये. आधाराच्या काठीला तारेने बांधू नका, जुन्या सुती साडीची पट्टी वापरा, कारण दोन वर्षांत तार सालीत रुतते.

आणखी एक गोष्ट. मोठ्या झाडाची फांदी छाटायची असेल तर हौसेने कुऱ्हाड उचलू नये. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार त्यासाठी परवानगी लागते, आणि ती नसताना कोणी स्वयंसेवक झाडावर चढून पडला तर पुढचे सगळे तुमच्या गळ्यात येईल. झाडांना ठोकलेले खिळे आणि जाहिरातींच्या पाट्या काढणे मात्र अवश्य हाती घ्या. पुण्यातल्या ‘अंघोळीची गोळी’ या संस्थेने ‘खिळेमुक्त झाडं’ ही मोहीम चालवली आणि ती पुढे इतर शहरांतही पोहोचली.

फोर्टवासी

मी मुंबईचा असल्यामुळे ‘दत्तक’ हा शब्द वाचताच लिहावेसे वाटले.

मुंबईत मोकळ्या जागा सांभाळण्यासाठी खाजगी संस्थांना देण्याचे धोरण अनेक वर्षे चालले. काही ठिकाणी त्याचे फळ चांगले मिळाले, हे मान्य केले पाहिजे. ओव्हल मैदानाचेच उदाहरण घ्या. १९९० च्या दशकात ते कचरा, गर्दुल्ले आणि दुर्लक्ष यांनी ग्रासले होते. आजूबाजूच्या रहिवाशांच्या संघटनेने न्यायालयात धाव घेतली, आणि पुढे देखभालीची जबाबदारी स्वतःवर घेतली. आज सुमारे २२ एकरांच्या त्या मैदानावर एका वेळी क्रिकेटचे कितीतरी डाव रंगलेले दिसतात, आणि मधल्या पायवाटेवरून कार्यालयात जाणारी माणसे चालत असतात. २०१८ मध्ये व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींच्या ज्या समूहाला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्याच्या मधोमध हेच मैदान आहे. मैदान सांभाळणारे लोक तिथलेच रहिवासी होते, आणि त्यांनी त्यावर काही बांधले नाही, हे मला महत्त्वाचे वाटते.

दुसरीकडे, अशाच धोरणाखाली दिलेल्या काही भूखंडांवर क्लब उभे राहिले, सभासदत्वाची शुल्के आली आणि शेजारच्या वस्तीतील मुलांना स्वतःच्याच मैदानाच्या जाळीबाहेर उभे राहावे लागले. नागरिकांनी अनेक वर्षे यासाठी लढा दिला. २०१६ च्या सुरुवातीला सुधारित धोरणाला राज्य सरकारने स्थगिती दिली आणि दिलेले भूखंड परत घेण्याची प्रक्रिया सुरू झाली. त्यानंतरही हा वाद पुन्हा पुन्हा उभा राहिला आहे.

ताई, तुम्हाला वाटणाऱ्या धास्तीचे कारण मला येथे दिसते. आज तुमचा गट प्रामाणिक आहे, पण करार गटाशी होतो, माणसांशी होत नाही. पाच वर्षांनी तुमच्यातील निम्मे लोक घरे बदलतील, कोणी आजारी पडेल, आणि फलक व किल्ली ज्यांच्या हाती राहील ते तुमच्यासारखेच असतील याची हमी कोण देणार? शिवाय महापालिकेच्या अंदाजपत्रकातून बागेची तरतूद एकदा गेली की ती परत आणणे फार अवघड असते. बागेवरचा माळी दुसरीकडे हलवला जातो, पाण्याचे बिल संस्थेच्या नावावर येते, आणि तक्रार घेऊन गेलेल्या नागरिकाला “बाग आता तुमच्याकडेच आहे ना” हे उत्तर मिळते.

सावली

येथे सर्व चर्चा सकाळी येणाऱ्या लोकांची चालली आहे, म्हणून एक वेगळी बाजू मांडते.

मी गृहसेविकांच्या एका बचत गटाबरोबर काम करते. या बायका सकाळी सातला घर सोडतात, अकरापर्यंत चार घरांची कामे होतात, आणि पुढची कामे तीननंतर असतात. मधले तीन-चार तास त्या कोठे बसतात, याचा विचार आपण कधी केला आहे का? जिन्यात, पार्किंगमध्ये, दुकानांच्या पायऱ्यांवर. बहुतेक बागा सकाळी दहा-अकराला बंद होतात आणि चारला उघडतात. सावलीची सर्वांत जास्त गरज असते नेमक्या त्याच वेळी फाटकाला कुलूप असते. घरपोच सामान पोहोचवणारी मुले, अभ्यासाला घरात जागा नसलेले विद्यार्थी आणि रखवालदार यांचीही हीच स्थिती आहे.

आमच्या भागातील एका बागेत स्वच्छता मोहीम यशस्वी झाल्यावर समितीने सर्वप्रथम फलक लावला तो ‘येथे डबा खाण्यास मनाई आहे’ असा. त्यामागे कचऱ्याची काळजी होती, हे मला ठाऊक आहे. पण त्या फलकाचा अर्थ डबा घेऊन येणाऱ्या बाईने काय घेतला असेल? कचऱ्याचा एक डबा आणि हात धुण्यासाठी एक नळ बसवला असता तर तोच प्रश्न सुटला असता.

बकुळफूल ताई, तुमच्या बागेत स्वच्छतागृह आहे का? ते दुपारी उघडे असते का? अंधारात चालण्याच्या मार्गावर किती दिवे प्रत्यक्षात लागतात? बायका बागेत येऊ लागतात त्या या तीन गोष्टींमुळे, फुलांच्या वाफ्यांमुळे नव्हे. तुम्ही करार करा किंवा करू नका, बाग दुपारी उघडी ठेवण्याची मागणी मात्र तुमच्या गटाने करावी, असे मला मनापासून वाटते.

हडसनकाठ

मी गेली बावीस वर्षे न्यू यॉर्क परिसरात राहतो. सेंट्रल पार्कची १९७० च्या दशकातील अवस्था येथील जुनी माणसे आजही सांगतात. शहराची तिजोरी रिकामी झाली होती, हिरवळीच्या जागी धूळ होती आणि लोक आत जायला घाबरत. १९८० मध्ये नागरिकांच्या पुढाकाराने सेंट्रल पार्क कन्झर्व्हन्सी ही संस्था स्थापन झाली. पुढे १९९८ मध्ये शहराने तिच्याशी देखभालीचा रीतसर करार केला.

मला त्यातील एक पद्धत विशेष आवडते. ८४३ एकरांचे हे उद्यान त्यांनी ४९ भागांत विभागले आणि प्रत्येक भागाला एक नेमून दिलेला माळी दिला. त्या भागातील प्रत्येक झाड, बाक आणि नळ त्या माणसाच्या ओळखीचा असतो, आणि स्वयंसेवक त्याच्या हाताखाली काम करतात. तुमच्या माळीमामांचा प्रसंग वाचताना मला हेच आठवले. अर्थात येथे श्रीमंत देणगीदार आहेत, आणि त्यामुळे श्रीमंत वस्तीतील उद्याने सुंदर व गरीब वस्तीतील उद्याने तशीच, ही टीकाही येथे सतत होते. ती योग्यच आहे. पैशाची पद्धत उचलू नये, पण एक एकराचे चार तुकडे करून प्रत्येक तुकड्याला दोन कुटुंबे जोडून देणे तुम्हाला उद्यापासून शक्य आहे.

करंज

एक पुरवणी. पुणे महापालिकेने २००६ पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत सुरू केली आणि बाक, दिवे, पदपथ, स्वच्छतागृह अशी छोटी कामे त्यातून सुचवता येतात. तुमच्या शहरात अशी सोय असेल तर मुदत चुकवू नका. नसेल तर सर्वसाधारण अर्जातच कामाचे नाव, नेमकी जागा आणि छायाचित्र द्या. “बागेकडे लक्ष द्यावे” अशा अर्जाला उत्तर येत नाही. “पूर्वेकडील फाटकाजवळचा पाण्याचा व्हॉल्व्ह गळतो, तो बदलावा” या अर्जावर कोणाला तरी सही करावीच लागते.

एक वाचक

माझे वडील महापालिकेच्या बागेत माळी होते. चौतीस वर्षे. श्रमदानाच्या दिवशी पाहुणे येत, त्यांच्या हातात नवे खराटे असत, आणि वडील आदल्या दिवशी बाग झाडून ठेवत, कारण पाहुण्यांसमोर बाग घाण दिसली तर बोलणी त्यांना बसत. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या बाटल्या आणि नाश्त्याच्या कागदी बशा तेच गोळा करत. त्यांना याबद्दल तक्रार नव्हती, पण चौतीस वर्षांत एकाही गटाने त्यांना “कुठून सुरुवात करू?” असे विचारले नाही, ही गोष्ट त्यांनी निवृत्तीनंतर दोनदा बोलून दाखवली.

आता अनेक ठिकाणी माळी ठेकेदाराकडून येतात. पगार वेळेवर होत नाही, गमबूट मिळत नाहीत. ताईंच्या गटाला जर खरोखर काही करायचे असेल, तर माळीमामांच्या जागी स्वतः उभे राहू नका. त्यांना आठवड्यातून दोनऐवजी चार दिवस द्यावेत, त्यांना चांगली कुदळ आणि धड नळी द्यावी, यासाठी भांडा. तुमच्या फुकट श्रमाकडे बोट दाखवून उद्या कोणी त्यांचे उरलेले दोन दिवसही काढून घेतले, तर तुमच्या चांगुलपणाने एका माणसाची भाकरी जाईल.

बकुळफूल

सर्वांचे मनापासून आभार. ‘एक वाचक’ यांचा प्रतिसाद मी काल रात्री गटात मोठ्याने वाचून दाखवला आणि त्यानंतर बराच वेळ कोणी बोलले नाही.

काल झालेल्या बैठकीत आम्ही ठरवले की सध्याच्या स्वरूपातील दत्तक करार स्वीकारायचा नाही. त्याऐवजी एक पत्र तयार केले आहे. बागेचा खर्च, पाणी, वीज आणि माळी ही जबाबदारी महापालिकेकडेच राहावी. आमचा गट आठवड्यातून एक दिवस माळ्याच्या सूचनेनुसार श्रम देईल. बागेत कोणतेही पक्के बांधकाम, शुल्क किंवा संस्थेचा फलक असणार नाही. आणि बाग दुपारी बंद ठेवू नये, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. दोन सभासद फलकाच्या मुद्द्यावर नाराज होऊन बैठकीतून उठून गेले. ते चांगले काम करणारे लोक आहेत, म्हणून मी उद्या त्यांच्या घरी जाणार आहे.

सावली ताई, तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मला देता आली नाहीत, म्हणून आज मुद्दाम पाहून आले. स्वच्छतागृह आहे, पण त्याला कुलूप आहे आणि किल्ली कोणाकडे आहे हे तेथे कोणालाही सांगता आले नाही. चालण्याच्या मार्गावरील चौदा दिव्यांपैकी पाच लागतात. आम्ही तीन वर्षे दर रविवारी उजेडातच येत होतो, त्यामुळे हे आमच्या लक्षातच आले नव्हते. दिव्यांच्या खांबांचे क्रमांक टिपून घेतले आहेत आणि करंज यांनी सांगितले तसा प्रत्येक खांबासाठी वेगळा अर्ज देणार आहोत.

माळीमामांना आज विचारले की सुरुवात कुठून करू. ते थोडा वेळ बागेकडे बघत राहिले आणि म्हणाले की मागच्या भिंतीलगतच्या बकुळीभोवती फरशीवाल्यांनी बुंध्यापर्यंत सिमेंट भरले आहे, आधी ते फोडू, नाहीतर हा उन्हाळा ती काढणार नाही. मंगळवारी सकाळी सात वाजता छिन्नी आणि हातोडा घेऊन आम्ही चौघे जात आहोत. मुळांच्या किती जवळपर्यंत फोडावे हे ते दाखवणार आहेत.